‘गाव तीन’मधली ती बाई मीच

प्रति,
मा. अध्यक्ष, संशोधन-नीती समिती,
पक्ष व मतदार तुलनात्मक अभ्यास केंद्र, सोफिया.

विषय : आपल्या अहवालातील ‘पन्नाशीची बाई’ म्हणजे मी, हे माझ्या नावासह जाहीर करण्याबाबत.
संदर्भ : माझ्या पहिल्या अर्जास आलेले आपले नकारपत्र.

महोदया,

मी, आस्पारुख मिल्चेव, निवृत्त बसचालक, वय ७१, राहणार दोल्नो ब्रेस्तोवो, सविनय कळवतो की, युरोपातील सहा देशांतले मतदार कोणत्या पक्षाला व का मत देतात, याच्या अभ्यासासाठी आपल्या संशोधिका नेवेना कोलारोवा गेल्या हिवाळ्यात आमच्या गावी आल्या होत्या. माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी विचारले, "निवडणुकीवर विश्वास आहे का?" मी म्हणालो, "पोरी, आमच्याकडे मत पेटीत पडत नाही, चुलीत पडतं." मतदानाच्या आठवड्यात सरपंच कोणाच्या दारी जळणाची लाकडे टाकतात आणि कोणाच्या दारावरून गाडी पुढे नेतात, तेही सांगितले.

माझी ओळख झाकण्यासाठी अहवालात ते वाक्य ‘ग्रामपंचायतीत नोकरी करणारी पन्नाशीची एक बाई’ हिच्या तोंडी घालण्यात आले. आमचे गाव ‘गाव तीन’ झाले. पण पडक्या घंटाघराचे वर्णन तसेच राहिले. वर्तमानपत्राने सगळे छापले. महोदया, ग्रामपंचायतीत नोकरी करणारी पन्नाशीची बाई आमच्या गावात एकच आहे : बोयका स्तामेनोवा. आम्हा एकट्या म्हाताऱ्यांना घरोघर जेवणाचे डबे तीच पोचवायची.

सरपंचांनी खानावळीत सर्वांदेखत तिला विचारले, "काय बोयका, पेटली का चूल?" लोक हसले. पुढच्या सोमवारी तिचे काम गेले. आता आपलीही लाकडे जातील या धास्तीने दुकानात तिच्या शेजारी कोणी उभे राहत नाही.

मी सरपंचांकडे जाऊन सांगितले, बोललो तो मी. ते म्हणाले, "काका, म्हातारपणी बायकांचे कैवारी झालात होय? कागदावर बाई लिहिलंय. सोफियाचे विद्वान काय खोटं लिहितात?" आणि माझ्या दारी नेहमीपेक्षा एक गाडी जास्त लाकडे उतरवली. त्यांतले एकही मी जाळलेले नाही.

आपण कळवता की, माहिती देणाऱ्याची गुप्तता त्याच्या स्वतःच्या विनंतीवरूनही मोडता येत नाही. माझी गुप्तता उत्तम राखली गेली आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. ती बोयकाच्या जिवावर राखली गेली, ही तक्रार आहे.

परवा मी तिच्याकडे कबुली द्यायला गेलो. ती बॅग भरत होती. इटलीत कोणाच्या तरी आईची सेवा करायला निघाली आहे. म्हणाली, "काका, मला वाचल्याबरोबर कळलं. असं बोलणारं गावात दुसरं आहे कोण?"

"मग बोलली का नाहीस?"

"मी नाही म्हटलं असतं, तर त्यांनी शोधलं असतं. मी कुठंही राबून खाईन. तुम्ही लाकडांवाचून येता फेब्रुवारी काढाल का?"

ती रविवारच्या बसने जाणार आहे. तरी त्याआधी माझे नाव जाहीर व्हावे. नियम आडवा येत असल्यास नेवेनाबाईंना पाठवावे. त्यांनी चौकात माझ्या शेजारी उभे राहून, प्रश्न कोणाला विचारला होता, एवढेच सांगावे. बोयका एकदा गेली की गाव म्हणेल, गुन्हा होता म्हणूनच पळाली. मग आपण माझे नाव कितीही मोठ्या अक्षरांत छापलेत, तरी तिच्या दाराला कुलूपच असेल.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
आस्पारुख मिल्चेव
दोल्नो ब्रेस्तोवो, दि. ९ नोव्हेंबर

सोबत : ओळखपत्राची प्रत, नाव छापण्यास लेखी संमती.