हाजींचं पोट

लाडक्या सफियामावशीला सलाम,

शुद्धलेखनाकडे बघू नकोस. शाळा सोडल्यापासून अक्षरं माझं ऐकत नाहीत, आणि टाइप एकाच बोटानं करते. उशीर झाला म्हणून रागवू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? अल्लाह बरे ठेवो. इकडे अलेक्झांड्रियात सगळे मजेत, फक्त लुत्फीमामानं मला दुकानातून काढलंय.

चित्रांचे कॅनव्हास फळीवर चिकटवायचं काम माझं, तुला माहितीच आहे. (त्यात कुणाशी बोलावं लागत नाही म्हणून तर घेतलं.) परवा आपल्या वारलेल्या मिठाईवाल्या हाजींचं चित्र चिकटवायला आलं. चित्रकारबाईंनी आदरापोटी त्यांचं पोटच काढलं नव्हतं. जन्मभर रव्याचा बसबूसा विकला, पण चाखला म्हणून नसावा, असा माणूस चित्रात दिसत होता. मी सरस लावला, मधून कडेकडे रूळ फिरवला, एक सुरकुती ठेवली नाही. मग वर कापड, त्यावर फळी, आणि फळीवर वजन. आमच्याकडे वजन म्हणजे फळीवर बसून डॉमिनो खेळणारे मामाचे दोस्त (दाबायला शिकंजा घेऊ असं मामा मी जन्मायच्या आधीपासून म्हणतोय). सरस वाळेपर्यंत उठायचं नाही, असं त्यांना बजावलेलं. पण दसूकीचाचा हरले, आणि हरलेला माणूस बसून थोडाच भांडतो? उठले ते तडक घरी गेले. नेमके हाजींच्या पोटावर बसलेले. सकाळी बघते तर तिथे पालथ्या वाटीएवढा हवेचा फुगा.

मामा म्हणाला, सुई टोच, दाबून टाक आणि हाजींच्या बायकोची माफी माग. तेवढ्यात त्या आल्याच. मी फळ्यांमागे. त्यांनी फुग्यावर हळूच बोट दाबलं. तो आत गेला, परत वर आला.

"अगं बाई, हे तर आमचे हेच," त्या म्हणाल्या. "जेवून उठलेत."

आणि रडता रडता हसायला लागल्या. तरी मामा सुई घेऊन पुढे, दुकानाची अब्रू म्हणे. तेव्हा मी फळ्यांमागून बाहेर आले.

"मामा, त्या पोटाला सुई लावायची तर आधी मला टोच."

(दुकानात एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच बोलले.) हाजींच्या बायकोनं चित्र काखेत मारलं नि चालू पडल्या. मामा म्हणाला, मुकी होतीस तेच बरं होतं, माफी मागितल्याशिवाय इथे पाय ठेवू नकोस. नाही मागणार. चूक माझी नव्हे, दसूकीचाचांच्या बुडाची. आणि आता तर ती चूकसुद्धा नाही.

तुझी,
नवारा

ता.क. तू त्याची मोठी बहीण. फोन करून मला परत घ्यायला लाव. घरी बसले की आई येईल त्या पाहुण्यासमोर मला उभं करते आणि बोल म्हणते.

ता.ता.क. माफीचं मात्र कबूल करू नकोस. उलट त्यालाच सांग, पुढच्या वेळी फळीवर न हरणारी माणसं बसव.

अगं, सांगायचं राहिलंच, आमच्या खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याला त्याच्याच पेशंटनं मागणी घातली. शुक्रवारी लग्न.