पासष्ट किलोचा गट

१२ डिसेंबर, गुरुवार

जिंकलो! बैठक दिवे लागेपर्यंत चालली, पण जिंकलो. जिल्ह्यातल्या कॉलेजांची कबड्डी ट्रॉफी यंदापासून नुसत्या साखळीवर ठरणार न्हाई. पहिले चार संघ उपांत्य खेळतील, मग अंतिम सामना.

गिरिधर सर शेवटपर्यंत अडून होते. जालन्याच्या कॉलेजात क्रीडाशिक्षक, दोन-दोन पदव्या. म्हणे, "सगळ्यांशी खेळून जो वर राहतो तोच खरा. एका दुपारच्या सामन्यावर ट्रॉफी द्यायची म्हणजे जुगार आहे."

मी मंठ्याच्या संघाकडून बसलेलो. म्हटलं, "मागच्या साली आमच्या मंठ्याच्या पोरांची जीप आष्टीजवळ बंद पडली. सामना बुडाला, गुण गेले, ट्रॉफी तुमच्या कपाटात. तो जुगार न्हवता का सर?"

सगळे हसले. अध्यक्ष सोमेश्वरराव म्हणाले, "धर्मराज बराबर बोलून राह्यले."

मंग वजनाचा मुद्दा. गट पासष्ट किलोचा. साखळीत वजन एकदाच होतं, सुरुवातीला — नंतर पोरं फुगतात. मी लिहूनच घेतलं : बाद फेरीच्या प्रत्येक सामन्याआधी पुन्हा वजन. गिरिधर सर म्हणाले, "पोरं उपाशी राहतील हो." मी म्हटलं, त्याला शिस्त म्हणतात.

आणि वजनाचा काटा माझा! नववी नापास माणूस. काटे उघडून-उघडून शिकलो, कुणाच्या हाताखाली न्हाई. आज मंठ्याच्या अर्ध्या मोंढ्यातला काटा धर्मराजच्या दुरुस्तीवर चालतो. गिऱ्हाइकाला एकच सांगणं — काटा जागचा हलला की वजनं ठेवून तपासायचा. मंगच माल टाकायचा.

११ जानेवारी, शनिवार

साखळी संपली. आम्ही चौथे! जुन्या नियमानं आज घरी बसलो असतो. सूरज — माझ्या दैवशालाचा पोरगा, आमचा मुख्य चढाईवाला — म्हणाला, "मामा, तुमच्यामुळं जिवंत राह्यलो आपण."

१८ जानेवारी, शनिवार

उपांत्य सामना मंठ्यालाच झाला. काटा दुकानातून उचलून बाजूच्या मैदानात. सूरजचं वजन अगदी काठावर बसलं. सामना मारला. आता अंतिम — जालन्यात, गिरिधर सरांच्या पोरांशी.

२५ जानेवारी, शनिवार

सूरजनं कालपासून भाकर सोडली, आज दुपारपासून पाणीही. दैवशालाचा फोन : "दादा, लेकरू थुंकून राह्यलंय नुसतं, वजन उतरावं म्हणून. आसलं कसलं खेळणं?" म्हटलं, उद्या एक दिवस. मंग खाऊ घाल पोटभर.

टेम्पोत पोरं, काटा, चटया. वजनांची पेटी मावली न्हाई. राहू दिली दुकानात.

२६ जानेवारी, रविवार

संभाजीनगर. दवाखाना. सूरज शुद्धीवर न्हाई. लिहवत न्हाई.

२८ जानेवारी, मंगळवार

किडन्या बसल्यात. डायलिसिस चालू आहे. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी नसताना पळवलं कुणी याला?

मी.

झेंडावंदन झालं आणि वजनं सुरू झाली. सूरज उभा राहिला — पासष्ट किलो तीनशे पन्नास. त्याचा चेहराच उतरला. "मामा, काल निघताना आपल्या कॉलेजच्या जिममधी चौसष्ट नऊशे भरल्तं. त्यानंतर तर काही खाल्लं बी न्हाई." म्हटलं, तो जिमचा काटा म्हणजे पत्र्याचा डबा आहे.

गिरिधर सर जवळ आले. "जाऊ द्या धर्मराज. खेळू द्या पोराला. आमची हरकत नाही." समोरचा संघ सूट देत होता! मीच म्हटलं, उद्या लोक म्हणतील भाच्यासाठी नियम वाकवला. मग ते म्हणाले, "निदान काटा तरी एकदा तपासून घ्या."

"सर, काटा माझा आहे."

एवढंच बोललो. सर आपल्या पोरांकडं निघून गेले.

माझं स्वेटर घातलं त्याला, वरून रेनकोट. मैदानाला फेऱ्या. मी कडेला उभा राहून "जल्दी, जल्दी!" दोनदा काट्यावर चढला, दोनदा जास्त भरला. तिसऱ्यांदा पासष्ट बरोबर. पोरांनी टाळ्या पिटल्या. दोन घोट पाणी पिला न पिला तोच शिट्टी झाली.

पाचव्या की सहाव्या चढाईला गेला. कबड्डी-कबड्डी म्हणता म्हणता आवाजच बंद. समोरच्या अंगणात खालीच बसला. त्यांच्या पोरांनी धरलं बी न्हाई. उलट उचलायला धावले.

३१ जानेवारी, शुक्रवार

वाचेल म्हणतात. किडन्या किती सुधारतील, ते सांगत न्हाईत. खेळ मात्र संपला.

दैवशाला माझ्यासाठी डबा घेऊन आल्ती. मी वर बघितलं न्हाई. म्हणाली, "दादा, जेवा. तुमची चूक न्हाई. त्या मेल्या नियमाची चूक."

२ फेब्रुवारी, रविवार

बैठक. बाद फेरी रद्द, पुन्हा साखळी. कुणी मला बोल लावला न्हाई. सोमेश्वरराव : "पद्धतच वाईट होती." गिरिधर सर खाली मान घालून बसलेले. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनी केला न्हाई. मी केला.

टेम्पोवाल्यानं काटा दुकानात आणून टाकलाय. मी अजून शिवलो न्हाई. सूरजचं ते चौसष्ट नऊशे डोक्यातून जाईना. उद्या जिमचा तो डबा तपासतो. खोटा निघाला म्हणजे सुटलो एकदाचा.

३ फेब्रुवारी, सोमवार

वीस-वीसची तीन वजनं नेली जिममधी. त्यांचा काटा : साठ, बराबर.

दुकानात येऊन तीच वजनं आपल्या काट्यावर ठेवली. साठ चारशे.