महादेवचा लॅपटॉप

उमरगा, मंगळवार, संध्याकाळ

आज महादेवच्या स्टुडिओत त्याचा नवा लॅपटॉप बघितला. लग्नाचे दोनशे फोटो उघडले, तरी हँग झाला नाही. माझा विसातच थांबतो. दोघं एकाच उस्तादाकडं फोटोग्राफी शिकलो, आणि मी त्याच्यापेक्षा बरा होतो. होतो ना?

मी विचारलं, "मी कोणता घेऊ?"

"तू फोटोच करतोस, मोठं ग्राफिक्स कार्ड कशाला? साधं चालतंय. रॅम वाढव, स्क्रीन चांगली घे. मला व्हिडिओ असतात म्हणून घेतलं."

दोनशे फोटो, आणि मला म्हणे साधं! वाटलं, मला मागं ठेवायला बघतोय. घरी येऊन नेटवर तासभर वाचलं. त्याचंच बरोबर होतं. तेच मनाला जास्त लागलं.

मग दुकानदाराला फोन लावला. म्हणालो, "महादेवनं नेला, तसलाच द्या."