आत्याने गहू सोडला

मंचर, ४ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
संघर्षचा सप्रेम जयभीम. वि. वि. फोन येडगावच्या धरणात गेला, कसा ते विचारू नको. सध्या गेणभाऊ मंडपवाल्याकडं आहे, खांब रोवतो, खुर्च्या मांडतो. परवाच्या लग्नात एका पावण्यानं बावीस गुलाबजाम खाल्ले, पण ते सांगत बसलो तर कागद संपंल. मुद्दा असा, त्याच पंगतीत एक बाई चपातीला हात लावत नव्हत्या. गव्हात ग्लुटेन म्हणून चिकट काहीतरी असतं, त्यानं सांधे सुजतात म्हणाल्या. गहू सोडला अन् त्या जिना चढाय लागल्या. तू पण सोड. तुझ्या बोटांची लई काळजी वाटते. तू शिवलेल्या गोधडीत बसूनच लिहितोय.
लोभ असावा, सूज नसावी.
तुझा संघर्ष

आळे, १५ जानेवारी

चि. संघर्ष यास,
बायडाआत्याचे अनेक आशीर्वाद. अक्षर वाकडं आलंय, पेन धरवत नाही. पण डॉक्टर म्हणतात रोज चार ओळी लिहा, बोटं चालती राहतील. गहू सोडून आठ दिवस झाले. चपाती मी लाटणं तळहाताखाली रेटून लाटायचे, बोटांना काम नव्हतं. बाजरीला तुझा तो चिकटपणा नाही, भाकरी बोटांनीच थापावी लागते. दोन दिवस थापली. तिसऱ्या दिवशी परात उचलेना. आता दूध-पोहे खाते. शेजारच्या मोहिनीनं विचारलं, इलाज कुणी सांगितला. तुझं नाव घेतलं, तर ती कपाळाला हात लावून उठली. गहू सोडल्यावर सांध्यांच्या गोळ्या कशाला, म्हणून त्याही बंद केल्यात.
जिथं असशील तिथं जेवत जा.
तुझी आत्या

मंचर, २१ जानेवारी

ती. आत्यास,
जयभीम. गोळीची ओळ तीनदा वाचली. आजच्या आज सुरू कर अन् डॉक्टरांना गहू, गोळी दोन्ही विचार. पंगतीतल्या बाई डॉक्टर न्हाईत, मी तर त्याहून न्हाई. माझंच चुकलं. भाकरीचं मी बघतो. आचाऱ्याकडून थापायला शिकतोय. पहिली परातीलाच चिकटली, दुसरी गेणभाऊंच्या कुत्र्यानं हुंगून सोडली. रविवारी येतो, दोन दिवस राहीन.
रागावलीस तरी लोभ ठेव.
संघर्ष

आळे, २ मार्च

चि. कल्याणीस,
आत्याचे आशीर्वाद. अक्षर बघ, सरळ आलंय. डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, काहींना गहू बाधतो, तुम्हाला नाही. सूज गोळ्या सोडल्यानं वाढली होती, आता त्या चुकवू नका, चपाती खुशाल खा. गोळ्या मी नेमानं घेते.
तुझा भाऊ दोन दिवसांसाठी आला होता, आज छत्तिसावा दिवस. सकाळी माझ्या भाकरी थापतो, मग आळेफाट्यावर एका गॅरेजात जातो. भाकरी अजून एका बाजूला जाड असते. चार वर्षांत हा पोरगा एका जागी एवढा टिकला नव्हता. गोळ्यांचं सगळं त्याला सांगितलं. चपातीचं तेवढं राहून गेलंय.
तू घोडेगावहून येशील तेव्हा पावशेर खारी आण. पिशवीच्या तळाशी ठेव, वर बाजरीचं पीठ असू दे.
लोभ आहे तसाच गुपचूप राहू दे.
तुझी आत्या