प्रुफांतला नराधम

४ फेब्रुवारी

नव्या कादंबरीची प्रुफं तपासायला आली. तिच्यात गोष्ट सांगणारा माणूस आंधळ्या भावाला आलेली पत्रं फाडतो आणि वर त्यालाच म्हणतो, ‘तुला कुणीच लिहीत नाही रे!’ पहिल्याच पानावर! शिसारी आली. उठून हात धुऊन आले— खरंच.

५ फेब्रुवारी

चाळीस पानं झाली, एकही चूक सापडली नाही. म्हणजे मी शोधलीच नाही! वीस वर्षांत असं झालं नव्हतं. काना-मात्रा सोडून त्या मेल्याच्या मागे मागे गेले. भावाची नखं तो किती मायेनं कापतो! आणि त्याच मायेनं त्याला जगापासून तोडतो. ‘त्याला त्रास नको, म्हणून.’ वाचता वाचता मी मान डोलावली. मी!

पुन्हा पहिल्यापासून तपासणं आलं.

७ फेब्रुवारी

लेखिका छापखान्यात आल्या. मला वाटलं, कुणी आग्यावेताळ असेल. तर ठेंगण्याशा, निवृत्त नर्सबाई! राहवेना, विचारलंच— “एवढा नीच माणूस सुचला कसा हो तुम्हाला?”

“मी त्याला फक्त बोलू दिलं. मध्ये एकदा जरी वाईट म्हटलं असतं ना, गप्प बसला असता.”

“पण आपण खोटं बोलतोय, हे त्याला कळतं?”

“कळत असतं तर इतकं गोड बोलता आलं असतं?”

मी बघतच राहिले. मालक म्हणाले, “अहो, तोंड मिटा, माशी जाईल!”

८ फेब्रुवारी

ताईचा फोन. आईशी बोलायचंय म्हणे. झोपलीय, म्हटलं. औषधपाणी, उठवणं-बसवणं मी करायचं आणि गोड बोलायला ही!

१० फेब्रुवारी

शेवटचं प्रकरण. भाऊ मरतो. तो नराधम लिहितो— ‘अखेरपर्यंत त्याला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.’ अभिमानानं! एवढंसं वाक्य, एकही अवघड शब्द नाही, आणि मागचा सगळा गोडवा कडूजहर होतो. कसं साधतं हे माणसाला? पेन्सिल ठेवली, हात आपोआप जोडले गेले.

११ फेब्रुवारी

ताईला फोन केला. “आई झोपलेली नसते गं. दोन वर्षं रोज तुझी वाट बघते. तू फोनच करत नाहीस, असं मीच तिला सांगत आलेय.”

ताई म्हणाली, “दे तिला.”

दिला.