पिंडाला शिवलं ते

१५ नोव्हेंबर १९९७, शनिवार

आलो एकदाचे! अमेरिकेतल्या डुलुथ शहरापासून अर्ध्या तासावरचं हे गाव, आणि गावाच्या अगदी टोकाला आमचं भाड्याचं घर. मागे परस आहे. नाशिकच्या बाल्कनीत तुळस आणि गॅसचा रिकामा सिलिंडर जागेसाठी भांडायचे, आणि इथे परसाला कुंपणसुद्धा नाही. गवत संपलं की थेट बर्चचं रान. केदारला एका विमा कंपनीच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा २००० सालासाठी दुरुस्त करायच्यात. मला व्हिसामुळे कामाची बंदी. सात वर्षं ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवून आता मी फोडण्या देणार. पण चालेल. तिसरा महिना संपत आलाय, उलट्या थांबल्यात आणि आज दोन प्लेट पोहे खाल्ले.

आईला फोन केला. बाळंतपणाला ती येणारच आहे, पासपोर्टचा फॉर्मही आणलाय म्हणाली. डिंक इथे मिळतो का, हे तीनदा विचारून झालं.

२२ नोव्हेंबर

बर्फ! सकाळी पडदा सारला तर सगळं परस पांढरंशुभ्र, आणि त्यावर बारीक नक्षी. शेजारच्या मिसेस लुंड, वय ऐंशीच्या पुढे, त्यांनी ठसे ओळखायची एक पुस्तिका आणून दिली. सशाचे मोठे मागचे पाय पुढे उमटतात आणि लहान पुढचे पाय मागे. कोल्हा एका सरळ रेषेत चालतो. मांजर नखं दाखवत नाही, कुत्रा दाखवतो. मी केदारची मोजायची टेप पळवली आणि ठशांची वही सुरू केली. उमटलेल्या ठशाच्या टोकाला अगरबत्तीची काडी रोवते, म्हणजे नवा बर्फ पडला तरी जागा सापडते. शिक्षिकेची खोड जात नाही.

मिसेस लुंड जाताना सांगून गेल्या की हिवाळ्यात बाहेर खायला ठेवू नकोस. ज्याच्यासाठी ठेवशील तेच येईल असं नाही, जे भुकेलं असेल ते येतं. मी हो म्हटलं.

२१ डिसेंबर

काल आई गेली. झोपेतच. भावाचा, विवेकचा फोन आला, आमच्यात अबोला होता तरी. गेल्या आठवड्यात मला थोडं रक्त गेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं. केदारने सगळी तिकिटं शोधली होती. भावाने सगळं केलं. मी इथे बर्फाकडे बघत बसले. आई, मला माफ कर.

२९ डिसेंबर

आज दहावा. लेकीने करायचं नसतं हे मला माहीत आहे, पण राहवलं नाही. सकाळी भात शिजवला, दही आणि तीळ घालून गोळा केला, आणि परसाच्या पार टोकाला ताटलीत ठेवून उभी राहिले. कावळा आला नाही. एरवी बर्चवर चार-चार बसलेले असतात, आज एकही नाही. नाकातला श्वास गोठत होता.

कावळा शिवला नाही की गेलेल्याची इच्छा ओळखून शब्द द्यायचा असतो. मी देत गेले. बाबांना सांभाळेन. विवेकशी धरलेला अबोला संपला. तरी काही नाही. मग कळलं, आईला बाळंतपण करायचं होतं. मी मोठ्याने म्हटलं, "माझ्याच पोटी ये. दार उघडं आहे." एवढं बोलून रडत आत आले.

चहा करून बाहेर बघितलं तर ताटली स्वच्छ. ताटलीपासून घराच्या दिशेने पक्ष्याची आठ पावलं. तीन बोटं पुढे, एक मागे. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. शेवटच्या पावलाशी काडी रोवली.

२ जानेवारी १९९८

गंमत आहे. ठसे काडीपासूनच सुरू झालेत. ससा. अलीकडे-पलीकडे कुठेही काही नाही, जणू ससा काडीपाशी आकाशातून पडला, सात उड्या मारून घराकडे आला आणि संपला. परत गेल्याची खूण नाही. वहीत लिहिलं, दुसरी काडी रोवली.

५ जानेवारी

दुसऱ्या काडीपासून कोल्हा. बारा पावलं, एका रेषेत, घराकडे. केदारला दाखवलं. तो म्हणाला, "यार रेणू, ऊन पडलं की ठसा पसरतो, सशाचा कोल्हा होतो. सिंपल आहे." ऊन पडून आठवडा झालाय.

८ जानेवारी

सोनोग्राफी. सगळं ठीक! पडद्यावर पायाचा तळवा स्पष्ट दिसला, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा. अंगठ्याशेजारचं बोट लांब, थेट माझ्यासारखं. अशी बाई नवऱ्याला मुठीत ठेवते म्हणतात. केदार म्हणाला, मग मुलगीच, कन्फर्म झालं. येताना गाडीत पहिल्यांदा हलली. फुलपाखरासारखी. मी केदारचा हात ओढून पोटावर ठेवला, त्याला काही कळलं नाही, तरी त्याचे डोळे भरले.

१० जानेवारी

हरीण. दोन टोकांचे खूर. तिसऱ्या काडीपासून चेरीच्या झाडापर्यंत. परस अर्धं संपलं.

आज एक जुनी गोष्ट आठवली. आजी गेली तेव्हा आईने दिव्याखाली ताटात पीठ पसरून वर टोपली झाकली होती. सकाळी पिठात ठसा शोधतात, गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळावं म्हणून. आजीचं पक्ष्याचं पाऊल उमटलं होतं. एकच ठसा. एकच जन्म.

इथे दर वेळी नवा. पक्षी, ससा, कोल्हा, हरीण. आई, तू एकेक योनी चढून येते आहेस का? आनंद व्हायला हवा. होत नाही.

१२ जानेवारी

हातासारखे ठसे. पाच लांब बोटं. पुस्तिकेप्रमाणे रकून, मांजराहून थोडा मोठा रानटी प्राणी. पण पुढे लिहिलंय की तो या थंडीत ढोलीत झोपलेला असतो. पायऱ्यांपासून सहा फुटांवर थांबलेत. मिसेस लुंडना बोलावलं. सगळ्या काड्या शेवटपर्यंत बघून त्यांनी विचारलं, तू इथे कोणाला जेवायला घातलंस. मी सांगितलं. त्या तशाच घरी गेल्या. संध्याकाळी फोन केला तर उचलला नाही.

१४ जानेवारी

विवेकचं पत्र आलं. सोळा दिवस लागले. गोदाकाठी दहाव्याला काय काय झालं ते सगळं लिहिलंय. एक ओळ पुन्हा पुन्हा वाचतेय — "पिंड ठेवताक्षणी कावळा शिवला, कोणाला काही बोलावं लागलं नाही. आईचं काहीच मागे राहिलं नव्हतं, रेणू."

नाशिकची ती सकाळ म्हणजे इथली आदली रात्र. मी भात ठेवला तेव्हा आई कधीच —

मग शब्द कोणाला दिला मी?

१५ जानेवारी

माणसाचं पाऊल. अनवाणी. लहान. तिसऱ्या पायरीवर, बोटं दाराकडे.

केदार कामासाठी मिनिॲपोलिसला गेलाय. फोनवर मी ओरडले. उद्या निघतो म्हणाला. आज बाहेर जाऊन मोठ्याने सांगितलं, शब्द परत घेते, दार बंद आहे. वारासुद्धा नाही. बाळ हलतंय. हलत राहा गं, सोने.

१६ जानेवारी

वादळ. रस्ते बंद. केदार हॉटेलात अडकला. फोन खरखरतोय, मग तोही गेला.

पायरीवर नवं काही नाही. बर्फाने सगळं पुसलं. पण बाहेर ठसा नाही म्हणजे — आत आलंय का ते कसं कळणार? आत बर्फ नाही.

पीठ आहे. गव्हाचं सगळं पोतं ओतलं. मागच्या दारापासून स्वयंपाकघर, पॅसेज, माझ्या पलंगापर्यंत. अजून उजेड आहे. नुसती पडते. झोपणार नाही.

१७ जानेवारी, सकाळ

झोपले. कशी झोपले —

दार बंद. कडी लागलेली. पिठात पावलं. दारापासून पलंगापर्यंत. माझ्या बाजूला. परत गेलेली नाहीत.

बाळ हलत नाही.

टेप घेतली. मोजलं. आलेली पावलं सहा इंच. पाच बोटं, सारखी, एकाच लांबीची. अशी कोणाची नसतात.

आणि दुसरी आहेत. आधी दिसली नव्हती, इतकी लहान. पलंगापासून दाराकडे. जाणारी. अंगठ्याच्या पेराएवढी. अंगठ्याशेजारचं बोट —

लांब.

दार उघडलं. पायरीवर आहेत. परसात आहेत. काड्यांच्या रांगेने, रानाकडे. एकटीच चाललीय. बर्फ पुन्हा सुरू झालाय, ठसे बुजतायत, दहा मिनिटांत काही दिसणार नाही. चपलाही नकोत —

पोटात हललं.

फुलपाखरासारखं नाही. मी उंबऱ्याकडे वळले की आतून धरतं. पाय उचलत नाही. मागे सरले की सोडतं. पुन्हा उंबरा — पुन्हा धरलं —

सोने, थांब, आई येते, आई आत्ता —