पाठ चोळायची जागा

दिग्रस,
ता. ११ फेब्रुवारी २००७

प्रिय वहिनी,
सप्रेम जय भीम.

दारव्ह्याच्या जीपवाल्या रौशनजवळ तू निरोप पाठवलास, "आईची पाठ आता कोन चोळते, इचारजो." त्यानं तो दारातूनच ओरडून सांगितला आणि जीप घेऊन गेला. मी तेव्हापासून विचार करते आहे. वहिनी, म्हणून हे लिहायला बसले.

बाकी इकडे ठीक आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात नयनदादाचा फोन आला होता. आदिलाबादकडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये अजून काम आहे म्हणाला, म्हणजे तो होळीपर्यंत काही येत नाही. इथली जिनिंग संक्रांतीनंतर बंदच आहे. भाव नाही म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवलाय. शेजारच्या सुखीबाईची शेळी व्याली, दोन्ही पिल्लं आपल्या ओसरीवर येऊन बसतात. तुझ्या भाचीचं बारसं चांगलं झालं असेल. नाव काय ठेवलं?

बारसं होऊन बरेच दिवस झाले, हे मला कळतं.

मी बांधलेली नवी न्हाणी उत्तम चालली आहे, असं मी सगळ्यांना सांगते. खोटं नाही ते. उंबरा काढल्यामुळे आईची चाकाची खुर्ची सरळ आत जाते. फरशीचा उतार नीट उतरला, पाणी कोपऱ्यातल्या मोरीकडेच जातं. छतावरच्या ड्रममधून नळीचा फवारा येतो आणि नळ बसल्या जागी हाताला लागतो. आई दांडीला धरून खुर्चीवरून सिमेंटच्या ओट्यावर सरकते. जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीवरून पडून तिचे पाय गेले, त्यानंतर पहिल्यांदाच ती स्वतःच्या हातानं आंघोळ करते. पहिल्या दिवशी तिनं अर्धा ड्रम संपवला. मी बाहेरून हाक मारली तर म्हणाली, "थांब वं! आपल्याच हातानं पानी घेनं काय असते, पाहू दे मले." त्या दिवशी मला माझी इंजिनिअरिंगची डिग्री पहिल्यांदा खरी वाटली.

पण आई आत बोलत नाही. पूर्वी तुमचा दोघींचा आवाज गल्लीत ऐकू यायचा.

"हळू चोळ वं, भांडं हाय का मी?"

"भांडं असतं तं कवाच चमकलं असतं, आई!"

मग दोघी हसायच्या. मी सुट्टीत घरी असले की मला त्या हसण्याचा रागच यायचा. उचलून न्यावं लागणाऱ्या बाईला हसू कसं येतं, असं वाटायचं.

मागच्या रविवारी मी म्हटलं, आई, मी पाठ चोळून देते. शिकेकाई भिजवली, बाह्या वर केल्या आणि न्हाणीच्या दारात गेले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. तू पाट टाकून जिथं बसायचीस, नेमका तिथंच मी ओटा बांधलाय. उरलेल्या जागेत खुर्ची. मी दारातून वाकून हात लांब केला. आई थोडा वेळ पाठ वळवून थांबली. मग म्हणाली, "राहू दे बाई. तुहा हात पोचत नाही."

तू विचारलं होतंस, वहिनी. बांधकाम चालू होतं आणि तू विटा आणून देत होतीस. "ताई, मंग मी कुठं बसू?" नकाशावरची मान वर न करता मी म्हटलं, "तुला बसायचंच नाही ना आता. तोच तर फायदा." आईला उचलून तुझी कंबर भरून यायची. मला वाटलं, तू सुटशील, खूश होशील. तू पुढची वीट दिलीस.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. अपंगांच्या संस्थेच्या विमलताई आणि त्यांच्या सोबतच्या बाया न्हाणी पाहायला आल्या, त्या दिवशी मी फार बोलले. बोलता बोलता म्हटलं, "आता माझ्या आईला कोणाच्या उपकाराची गरज नाही." तू मागे चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस. मी तुला पाहिलं. तरी वाक्य बदललं नाही. तू सगळ्यांना चहा दिलास, साखर पुरे का ते विचारलंस आणि दुसऱ्या सकाळी बारशाला म्हणून माहेरी गेलीस. बारशाला तेव्हा अजून अवकाश होता.

मी अमरावतीला वसतिगृहात राहून शिकले. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून वस्तीनं माझा सत्कार केला. त्या वर्षांतल्या प्रत्येक सकाळी तू आईला उचलून न्हाणीत नेत होतीस. तू नसतीस तर मला शिक्षण सोडून परत यावं लागलं असतं. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बहुतेक 'उपकार' हा शब्द तोंडात आला.

रविवारी रात्री मी आईला म्हटलं, वहिनीचे कष्ट वाचावेत म्हणून केलं गं. आई म्हणाली, "थे का आंघोळ घालाले येत होती? आमी गोठी करत होतो. दिवसभर तिले बोलाले कोन हाय घरात?" मग कूस बदलायला तिनं खाटेवर टांगलेली दोरी स्वतःच धरली.

काल मी ओटा फोडला. गवंड्याला बोलावलं नाही, छन्नी-हातोडा घेऊन मीच बसले. हाताला फोड आलेत, म्हणून अक्षर असं आहे. वेल्डिंगवाल्या जफरभाईंकडून भिंतीला बिजागरीनं लटकणारी लोखंडी बैठक करून घेतली. ती बसवताना ते म्हणाले, "बेटी, बांधनेवाले इंजिनिअर देखे, खुद का बांधा हुआ फोडनेवाली पहली बार देखी!" आई खुर्चीत बसून किती तरी दिवसांनी हसली. बैठक खाली केली की ती एकटी आंघोळ करू शकते. बैठक वर केली की ती खुर्चीतच बसते आणि शेजारी पाट मावतो. कडी आतून, तिच्या हाताला येईल इतकी खाली बसवली आहे. कोणाला आत घ्यायचं ते आई ठरवेल.

दुसऱ्या घरांसाठी विमलताईंनी माझा नकाशा मागून नेला होता. तो परत आणला आणि आज सकाळी नवा देऊन आले. त्यात खुर्चीशेजारी एक चौकोन मोकळा सोडलाय आणि त्यात लिहिलंय, 'सोबतीची जागा'. त्या म्हणाल्या, ही कल्पना छान आहे. मी तिथल्या सगळ्यांसमोर सांगितलं की ही जागा माझ्या वहिनीनं मागितली होती, मी दिली नव्हती.

तुला आंघोळ घालायला बोलवत नाही. येणं, न येणं तुझं. फक्त, तुझा पाट मी धुऊन त्याच जागी ठेवला आहे.

तू मला ताई म्हणतेस, पण मी आहे,
तुझ्याहून लहान,
सत्यशीला